बाहेरून आलेला खटका

निळं झाकण – आणि त्याखाली काचेवर पांढऱ्या आडव्या रेघा, किती भरलं ते दाखवणाऱ्या. वहिनीच्या स्वयंपाकघरातल्या मिठाला अशा रेघा कशाला लागतात, असं हेत्तीच्या मनात आलं, आणि ते पुरतं येण्याआधीच तिनं ओळखलं, ती बाटली तिची होती. तिची म्हणजे खाली मानाडोच्या विद्यापीठातल्या तिच्या प्रयोगशाळेची. तिनं ती उचलून बूड पाहिलं. काळ्या शाईची खूण, अर्धी घासून गेलेली, पण अक्षर तिचंच.

"वहिनी, ही कुठली?"

"ती होय? छान आहे ना." रिके चुलीपाशी भोपळ्याची आणि पाल्याची पेज ढवळत होती, तिनं मान वळवली नाही. "मिठाला पाणी सुटत नाही तिच्यात. तुझ्या त्या यापीनं दिली. वादळाच्या वेळची आहे."

वादळाच्या वेळची. हेत्तीनं बाटली होती तिथं ठेवली. मग जरा डावीकडे सरकवली. मग पुन्हा होती तिथं.

युस्तुस मागच्या दारानं आत आला, कोपरापर्यंत वाफेनं ओला. घराच्या मागेच त्याचा झरा – डोंगरातून उकळतं पाणी येतं, कडेला गंधकाची पिवळी साय धरते, आणि नायलॉनच्या जाळीत मक्याची कणसं आणि अंडी सोडून युस्तुस ती रस्त्यावरच्या गिऱ्हाइकांना विकतो. तोमोहोनच्या या बाजूला असं करणारी बरीच घरं आहेत.

"नोना आली का?" तो म्हणाला. हेत्तीची पन्नाशी उलटली तरी तो तिला नोना, म्हणजे पोरगी, असंच म्हणे. "आज तुझ्या त्या यापीची पीएचडीची परीक्षा ना? मग त्यानं घाबरायचं की तू? बघ गं रिके, तोंड कसं झालंय हिचं."

"दादा, वादळात यापी इथं आला होता?"

"म्हणजे? तुला ठाऊक नाही? तुझी सगळी पिल्लं मी सांभाळलीत! वीज गेलेली, तू दवाखान्यात पोट फाडून पडलेली, आणि हे पोर मोटारसायकलवर खोकं बांधून दारात हजर. म्हणे, ओम, काका, यांना गरम ठेवायचंय. म्हटलं, गरम? ये इकडे." त्यानं पेजेचं भांडं पुढं ओढलं. "मक्याच्या जाळीत घातल्या बाटल्या आणि दिल्या सोडून झऱ्यात. अख्खी आळी तेव्हा भात शिजवायला इथंच. लुकास म्हणतो, युस्तुस, हे कसलं सूप? म्हटलं, माझी बहीण सुपाची डॉक्टर आहे, तिला विचार."

"एकीचं झाकण सैल झालं होतं," रिके म्हणाली. "मीच पिळून बसवलं."

"पाणी गेलं होतं आत?"

"गेलं असेल थोडंफार. चांगलं पाणी आहे गं आमचं, औषधी."

हेत्ती हसली. हसायला हवं होतं म्हणून. पेजेवर वहिनीनं सुक्या माशाचा तुकडा ठेवला, मग दुसरा ठेवला, आणि हेत्तीनं वाडगा बाजूला सारून गाडीची किल्ली उचलली.

गाडी चालवताना ती प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवत होती. समोर कुणी नसतानाही. डावीकडे लवंगांची झाडं, उजवीकडे दरी, खाली लांबवर मानाडोचा समुद्र उन्हात पांढरा झालेला, आणि तिच्या डोक्यात एकच – यापी तेव्हा दवाखान्यात आला होता, खाटेच्या पायथ्याशी उभा राहून म्हणाला होता, "एन्ची," – विद्यार्थी बाईंना म्हणतात तसं – "शीतकपाट गेलं. सगळं वितळलं. पण वाढत्या बाटल्या वाचल्या, मी गरम ठेवल्या." आणि तिनं, गुंगीतून नुकतीच बाहेर आलेली, त्याचा हात धरून देवाचे आभार मानले होते. कशा गरम ठेवल्यास, हे विचारलं नव्हतं. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. का नाही विचारलं? आजारी होते म्हणून. बरी झाल्यावर? …बरी झाल्यावर वाटलं, वाचलंय ना, मग कसं वाचलं ते कशाला उकरायचं.

बाटल्यांत जे होतं ते डोळ्यांना दिसत नाही. नुसतं गढूळ पाणी. उकळत्या, आंबट तळ्यातून फार वर्षांपूर्वी तिनं स्वतः आणलेले जीव – आर्किया, दिसायला जिवाणूंसारखे पण वंशाने जिवाणूंहून निराळे, जिथं दुसरं काही जगत नाही तिथं मजेत राहणारे. तळ्यात ते गंधकावर जगत. बाटलीत ती त्यांना साखर देई, पिढ्यामागून पिढ्या साखर, आणि पाहत बसे की ज्यांची पूर्वीची कामं आता लागतच नाहीत अशी जनुकं पुढं काय करतात. पहिल्या वर्षाच्या पोरांना ती सांगायची, जनुक म्हणजे घरात काम करणारं माणूस. पण कुणी केव्हा उठायचं आणि कुणी केव्हा गप्प बसायचं हे ठरवणारं एक वेगळंच प्रथिन असतं, ते जनुकाच्या उंबरठ्यावर जाऊन बसतं. त्याला आपण खटका म्हणू. एका खटक्यावर दहा जनुकं, त्या खटक्यावर दुसरा खटका, असं सगळं जाळं. आणि हे जाळं कायमचं विणलेलं नसतं. पोरं लिहून घ्यायची. कायमचं नसतं, हे वाक्य तिला फार आवडायचं आणि ते म्हणताना तिचा आवाज दर वेळी थोडा चढायचा.

यापीला बाटलीत एक नवा खटका सापडला होता. गंधकाच्या जुन्या जनुकांवर आता तो बसत होता, आणि साखरेच्या इशाऱ्यावर त्यांना हलवत होता. त्याच्या प्रबंधात दुसरं काही नव्हतं, एवढंच होतं, पण एवढं पुष्कळ होतं. खटका आला कुठून? प्रबंध म्हणतो – घरातूनच. जुन्या खटक्याची नक्कल झाली, नक्कल मोकळी होती, ती बदलत गेली आणि नव्या कामाला लागली. बंद बाटलीत, बाहेरचं काहीही नसताना. बंद बाटलीत, हे शब्द प्रबंधात जागोजागी आहेत. मीच घालायला लावले.

एक ट्रक समोरून आला आणि तिनं गाडी फारच कडेला घेतली, चाकाखाली खडी सरकली. थांब, हेत्ती. श्वास घे.

तिनं गाडी थांबवली नाही.

यापीनं पहिल्यांदा त्या नव्या खटक्याचं चित्र दाखवलं तेव्हा तिनं क्षणभरही विचार केला नव्हता. नक्कल आहे, ती म्हणाली होती. घरातलीच. मेनेर लोंतोह – म्हणजे लोंतोह सर, विभागातले सगळ्यात जुने प्राध्यापक, सतत चष्मा शोधत असलेले – त्यांनी मागं एकदा चर्चेत विचारलंही होतं की एवढ्या थोड्या वर्षांत नकलेत एवढा फरक पडेल का, दोन्हींच्या डीएनएतली निम्मी अक्षरं जुळत नाहीत. आणि तिनं जरुरीपेक्षा मोठ्या आवाजात उत्तर दिलं होतं की उकळत्या पाण्यात सगळंच लवकर बदलतं. ते "असेल बुवा" म्हणून चष्मा शोधायला लागले. तिला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं होतं. बाहेरून आलेलं असू शकतं, हे तिला सुचलं नव्हतं असं थोडंच आहे? हे जीव एकमेकांची जनुकं सर्रास उचलतात, शेजाऱ्याकडून विस्तव न्यावा तशी. पुस्तकातला पहिला धडा आहे तो. पण बाटली बंद होती ना. बंद होती, म्हणून सुचलेलं बाजूला सारता आलं.

आणि मला ते बाजूला सारायचंच होतं.

युस्तुस तिचा सख्खा भाऊ नव्हे. वडील गेल्यावर लांगोवानहून तिला मावशीकडे, युस्तुसच्या आईकडे आणून सोडलं तेव्हा ती शाळेतही जात नव्हती. त्या मुलखात यात काही विशेष नाही, पाळलेलं मूल घराघरात असतं, कुणी त्याला वेगळं ताट मांडत नाही आणि कुणी त्याबद्दल बोलतही नाही. मावशीला ती माक, म्हणजे आई, म्हणायला लागली, सगळे म्हणत म्हणून. कुणी तिला कधी परकं म्हटलं नाही. तरीही तिनं घर पाठ केलं – माकनं लुंगी वर खोचली की शेतात जायचंय, भाताच्या झाकणाचा आवाज झाला की ताटं मांडायची, युस्तुसचे बाबा जेवताना गप्प असले की दुसरा मासा मागायचा नाही. इशारा दिसला की ती हलायची, बहुतेक वेळा इशारा पुरा व्हायच्या आतच. शेजारणी म्हणत, पोर कशी अगदी घरातली वाटते. वाटते. तो शब्द ती अंथरुणात घोळवत राहायची. पुढे शिकताना, पहिल्यांदा नकलेची गोष्ट वाचली – घरातल्याच एका खटक्याची दुसरी प्रत, तिला घरचे सगळे उंबरठे जन्मतःच ठाऊक – तेव्हा तिला इतकं बरं का वाटलं, हे तिनं स्वतःला कधी विचारलं नाही.

विभागाच्या व्हरांड्यात यापीचं अख्खं घर येऊन बसलं होतं. तोंदानोहून भाड्याची गाडी करून आलेले. बाकांवर बांबूत भाजलेल्या भाताच्या कांड्या, धुरावलेला मासा, नारळाच्या केकचे डबे. परीक्षा संपली की सगळ्यांना जेवण; तशी पद्धतच आहे. यापीची आई तिला पाहून उठली आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"एन्ची, खाल्लंत का काही? रंग बघा तुमचा! आमच्या पोरानं छळलं ना तुम्हाला? काल म्हटलं, एक स्तोत्र तरी वाच. तर तो आपला गोल आणि रेघा, गोल आणि रेघा."

"परीक्षा झाल्यावर खाईन."

"झाल्यावर तर तुम्हाला सोडणारच नाही. त्याचे बाबा असते तर…" तिनं पदरासारखं ओढणीचं टोक तोंडाला लावलं आणि लगेच हसली. "गावात सांगून आलेय, आज डॉक्टर घेऊनच येते म्हणून. दुखण्यावरचा नाही म्हटलं, नुसताच."

यापी जिन्याखाली एकटा उभा होता, नव्या कोटात, कोट खांद्यांना मोठा. हेत्ती त्याच्यापर्यंत गेली. जाताना तिनं ठरवलं होतं की आता काही विचारायचं नाही, नंतर, सगळं झाल्यावर – आणि तिच्या तोंडून निघालं:

"यापी, वादळात बाटल्या युस्तुसच्या झऱ्यात होत्या?"

"हो, एन्ची." सहज. अगदी सहज. "तुम्हाला ओमनी सांगितलं असेल असं वाटलं मला. तपमान मी सारखं बघत होतो, बरोबर होतं. आमच्याकडे कुणीही तेच केलं असतं ना, वीज नाही तर…"

खरं होतं. मीही तेच केलं असतं. इथं जन्मलेल्या माणसाला गरम म्हटलं की झराच आठवतो. दुसरीकडच्या कुणाला हे सुचलंच नसतं, त्याच्या बाटल्या गार होऊन मेल्या असत्या आणि तो आज निर्धास्त असता.

"एकीत पाणी गेलं होतं," ती म्हणाली.

तिनं ते यापीच्या चेहऱ्यावर पोचताना पाहिलं, आधी डोळ्यांत, मग तोंडाभोवती. हुशार पोरगा. त्याला पुढचं सांगावं लागलं नाही.

"कुठली?" त्यानं हळूच विचारलं.

"माझ्या वहिनीनं मिठाला घेतलीय ती नसेल कदाचित. माहीत नाही. पण आताच्या सगळ्या त्या वादळातल्या बाटल्यांतूनच वाढवलेल्या."

"मग…" वर कुणीतरी त्याचं नाव पुकारलं. त्यानं वर पाहिलं, मग तिच्याकडे. "मग मी काय म्हणू, एन्ची?"

तिच्या भुवया हलल्या असतील, किंवा नसतील. तिला काहीच म्हणता आलं नाही, आणि न म्हणणं हे त्यानं काय समजून घेतलं कुणास ठाऊक. तो कोट सारखा करत जिना चढला.

सभागृहात वातानुकूलन फार होतं. यापी बोलत होता, चांगला बोलत होता, पडद्यावर ते जाळं – निळे गोल, राखाडी रेघा, आणि मधोमध नवा लाल गोल. मागं त्याची आई, मावश्या, एक म्हातारा ओम झोपलेला. पुढच्या रांगेत परीक्षक. हेत्ती हात मांडीवर दाबून बसली होती. तो त्या वाक्याला येईल, आता येईल – पुढचं चित्र – नाही, त्याच्या पुढचं…

"ही सगळी उत्क्रांती," यापी म्हणाला, आणि थांबला. त्यानं पडद्याकडे पाहिलं नाही. तिच्याकडे पाहिलं, सरळ तिच्या भुवयांकडे, आणि ही नजर तिला आतून ठाऊक होती, ती कुणाकडे तरी अशी बघत मोठी झाली होती. "…ही बंद बाटलीत झाली," त्यानं वाक्य पुरं केलं. पाणी प्यायला.

मला बघून तो ते बोलला. मी काही केलं नाही, नुसती बसले होते, आणि तो ते बोलला.

पुढचं तिला नीट ऐकू येईना. कुणीतरी तपमानाबद्दल विचारलं, कुणीतरी संदर्भांबद्दल. तिची नजर त्या लाल गोलावर होती आणि मनात मात्र लाकडं – कुठून आली ही लाकडं? – चुलीजवळ लाकडं ठेवण्याचा आवाज. ठक. ठक. एकेक. माक लाकडं एकेक ठेवायची. युस्तुस मागं कधीतरी कुरकुरला होता, तू आल्यापासून आईनं मोळी दाणकन टाकायचं सोडलं, आधी रोज त्या आवाजानं माझी झोप उडायची. तू पहिल्या दिवशी दचकून कोनाड्यात लपलीस ना, तेव्हापासून. तो चेष्टेनं म्हणाला होता. तिनं टोमणा म्हणून ऐकलं होतं, माझ्यामुळे घराला त्रास, असं. आणि आणखी एक इशारा म्हणून पाठ केलं होतं. मी घर शिकले, हे मला ठाऊक होतं. पण माक – शेतातून दमून आलेली, पाठीवर ओली मोळी – वाकून एकेक लाकूड खाली ठेवणारी माक काय करत होती?

लाल गोलापासून निघालेल्या रेघा जुन्या जनुकांपर्यंत गेल्या होत्या. आणि त्या जनुकांच्या उंबरठ्यावर… हेत्ती खुर्चीत पुढं सरकली. तिथं बदल होते. बारीक. एखाददुसरं अक्षर, पण प्रत्येक उंबरठ्यावर. यापीनं ते दाखवले होते तेव्हा तिनंच बाजूला टाकायला सांगितले होते, काही अर्थ नाही, गोंधळ आहे नुसता. आणि नक्कल असती तर खरंच त्यांना काही अर्थ नव्हता – घरातल्या नकलेला घरचे उंबरठे आधीच ठाऊक. तिच्यासाठी कुणाला काही बदलावं लागत नाही. बदलावं लागतं ते नव्यानं आलेल्यासाठी. उंबरठे स्वतः बदलले होते. एका परक्या खटक्याला बसता यावं म्हणून जुनी जनुकं, जिथली तिथं राहून, अक्षर अक्षर सरकली होती, आणि तिनं त्याला गोंधळ म्हटलं होतं, वर्षानुवर्षं.

खात्री नव्हती. झऱ्याचं पाणी तपासावं लागेल. त्यातल्या जिवांत हाच खटका मिळेल किंवा मिळणार नाही. मिळाला तर प्रबंध आज आहे तसा उरणार नाही. आज यापीच्या आईला नुसताच डॉक्टर घरी नेता येणार नाही, बांबूतला भात थंड होईल, आणि मेनेर लोंतोह त्यांचा चष्मा सापडल्यासारखे माझ्याकडे बघतील. आणि न बोलले तर सगळं सुरळीत होईल. टाळ्या, फोटो, धुरावलेला मासा. त्या अक्षरांकडे मग कुणीही पुन्हा पाहणार नाही.

"एन्ची हेत्ती," मेनेर लोंतोह माईकमध्ये म्हणाले, "आता मार्गदर्शकांनी दोन शब्द बोलायचे, तशी रीत आहे. थोडक्यात बोला हं. मघापासून बाहेरच्या माशाचा वास येतोय, आणि मला परीक्षेतलं काही सुचेनासं झालंय."

सभागृह हसलं. यापीची आई सगळ्यात मोठ्यानं.

हेत्ती उठली. माईक कुणीतरी तिच्या हातात दिला, तो थंड आणि जड होता. यापी उभाच होता, दोन्ही हात मागं, आणि पुन्हा तिच्या भुवया वाचत होता, एखादी रेघ हलते का बघत. तिनं त्या हलू दिल्या नाहीत. काय बोलायचं ते तिला अजून ठाऊक नव्हतं. भीती होती, सकाळइतकीच. फक्त ती आता दुसऱ्याच कशावर तरी जाऊन बसली होती. आपण खोटे ठरू, हे तिच्या मनात कुठं शोधून सापडेना. त्या बारीक अक्षरांबद्दल आज कुणी बोललं नाही तर ती तशीच राहतील, एकेक, न वाचलेली – एवढंच तिला दिसत होतं, आणि ते फार जवळ होतं. आणि ती वाचायला, सगळी पहिल्यापासून वाचायला, तिला इतकी घाई झाली होती की समोरची माणसं वाट बघताहेत हेही ती क्षणभर विसरली.